लाईट आली, भिडू उठला

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते निघतातच. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी सुरू होतात, सालदारांचे वर्षाचे हिशेब मिटतात आणि पुरुषमंडळी पारावर, ओट्यावर नाहीतर आंब्याखाली सतरंजी टाकून डाव मांडतात. एरवी घरात पत्त्यांचा जोड दिसला तरी कपाळाला आठ्या घालणारे आजोबासुद्धा त्या दोन-चार दिवसांत हळूच सरकून बसतात. राज्यांच्या सीमा आखताना बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेलं, पण फारुकी राजांच्या काळी ते खान्देशाचं राजधानीचं शहर होतं. आखाजीला ही सीमा अजून कुणी नीट समजावून सांगितलेली नाही.

याच बुऱ्हाणपूरजवळचं फोपनार. अभ्यासकांना हे नाव माहीत आहे ते १९६४ साली इथे सापडलेल्या बुद्धाच्या प्राचीन कांस्यमूर्तींमुळे. त्या मूर्ती पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेल्या. या पट्ट्याची रोजची ओळख मात्र केळी. केळीला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते आणि मोटरीला थ्री फेज लाईट लागते, जी येते तिच्या वेळेला, पुष्कळदा रात्री. मग डाव कितीही रंगात असो, एक जण घड्याळाकडे बघतो, पानं पालथी टाकतो आणि ‘लाईट आली, मोटर चालू करून येतो’ म्हणत चप्पल शोधायला लागतो. कुणाकडे केळीची गाडी भरायला आलेली असते, कुणाच्या घरून तिसरा फोन आलेला असतो. खेळणाऱ्या माणसाला खेळाबाहेर एक आयुष्य असतं, आणि ते डाव संपायची वाट बघत नाही.

रमीवाल्यांनी या गोष्टीचा बंदोबस्त केव्हाच करून ठेवला आहे. १०१च्या पूलमध्ये (१०१ गुण झाले की बाद) पहिलं पान उचलण्याआधीच डाव सोडला, म्हणजे ड्रॉप घेतला, तर २० गुण अंगावर, मधूनच सोडला तर ४०, आणि शेवटपर्यंत बसून हरला तर जास्तीत जास्त ८०. म्हणजे उठण्याची किंमत नियमातच लिहिलेली. ज्याला जायचं आहे तो आपला ड्रॉप लावून घेतो, वहीवर आकडा चढतो आणि उरलेले पुढची पानं वाटतात. वाद होत नाही असं नाही, पण वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

पोकरचं तसं नाही. आणि पोकर आता फक्त गोव्याच्या बोटींवर किंवा इंग्रजी सिनेमात उरलेलं नाही. फोनवर हा खेळ शिकलेली पिढी सुट्टीत गावी आली की तीनपत्तीच्या शेजारी पोकरचीही सतरंजी पडते. तेव्हा एक साधा प्रश्न उभा राहतो, ज्याचं उत्तर खेळ शिकवणाऱ्या कुठल्याच व्हिडिओत पहिल्या पाच मिनिटांत नसतं: स्पर्धा निम्म्यावर असताना एखाद्याला उठावंच लागलं, तर त्याच्या चिपांचं काय करायचं?

आधी खेळाचा सांगाडा. टेक्सास होल्डम या सर्वांत जास्त चालणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन पानं मिळतात, मध्ये पाच पानं सर्वांसाठी उघडली जातात, आणि या सातांतली उत्तम पाच ज्याची, त्याची बाजी. बोली सुरू व्हावी म्हणून दर हाताला दोघांनी पानं बघण्याआधीच सक्तीनं काही चिपा टाकायच्या असतात. त्यांना छोटा ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड म्हणतात. (तीनपत्तीत पानं न बघता खेळण्याला ब्लाइंड म्हणतात, तो हा नव्हे.) ही पाळी डावीकडे सरकत सरकत सर्वांवर येते. स्पर्धेत ठराविक वेळानं ब्लाइंड वाढत जातात, म्हणजे कुणी नुसता पानं टाकत बसून राहू शकत नाही.

आता खरी मेख. रोखीच्या खेळात चिप म्हणजे पैसा. माणूस केव्हाही उठून आपल्या चिपा मोडून घेऊ शकतो. जिंकून लगेच उठणाऱ्याबद्दल मागे बोललं जातं, पण अडवता कुणाला येत नाही. स्पर्धेत चिपेला बाहेर काहीच किंमत नसते. सर्वांना सुरुवातीला सारख्या चिपा मिळतात, एकेक जण बाद होत जातो आणि बक्षीस मिळतं ते शेवटी कोण कितवा राहिला त्यावर. त्यामुळे उठणाऱ्याला चिपा खिशात घालून नेता येत नाहीत, आणि मागे ठेवल्या तर त्या कुणाच्या हेही स्पष्ट नसतं. रमीतला ड्रॉप एका डावापुरता असतो. इथे संपूर्ण स्पर्धेतून उठायचं असतं.

समजा, फोपनारमध्ये एका घराच्या गच्चीवर बारा जण जमले. दोन सतरंज्या, प्रत्येकीवर सहा. प्रत्येकाला ५,००० चिपा, म्हणजे एकूण ६०,०००. प्रवेश फुकट. यजमानानं बक्षीस म्हणून बुऱ्हाणपूरची मावा जलेबी आणून ठेवली आहे, एकूण सहा किलो: पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक.

पैशांऐवजी जलेबी यासाठी की कायद्याचं गणित पोकरच्या गणिताहून अवघड आहे. मध्य प्रदेशात १८६७चा सार्वजनिक जुगार कायदा चालतो, सीमेपलीकडे रावेरला गेलं की १८८७चा मुंबई इलाख्याचा जुगारबंदी कायदा. दोन्हींत कौशल्याच्या खेळांना सूट आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. पोकरच्या बाबतीत मात्र उच्च न्यायालयांचा सूर एक नाही: गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ साली त्याला जुगार ठरवलं, तर इतरत्र तो कौशल्याचा मानणारेही निकाल झाले. गोव्यात १९७६च्या कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या होऊन कॅसिनोंना वाट मिळाली, म्हणून मांडवीत बोटी दिसतात. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदाच केला. एवढं सगळं बघता घरच्या गच्चीवर जलेबी बरी.

तर खेळ रंगात आहे, ब्लाइंड ५० आणि १००चे झालेत, आणि ४,००० चिपा समोर असलेल्या एका भिडूला लाईट आल्याचा निरोप येतो. रात्रभर पाणी भरायचं आहे, परत येणं शक्य नाही. बाकीचे पहिली सूचना हमखास हीच करतात: ‘राहू दे त्याच्या चिपा तिथंच, ब्लाइंड कापत जाऊ.’

मोठ्या स्पर्धांतही हेच होतं. स्पर्धा चालवणाऱ्यांची टीडीए नावाची संघटना २००१ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिचे नियम आज जगभर प्रमाण मानले जातात. त्यानुसार गैरहजर खेळाडूलाही पानं वाटली जातात, त्याचे ब्लाइंड टाकले जातात, आणि पहिल्या वाटपातलं शेवटचं पान पडेपर्यंत तो आपल्या जागेवर नसेल तर त्याचा तो हात मेला. कारण साधं आहे. शेकडो माणसांच्या स्पर्धेत प्रत्येकाची सबब तपासत बसता येत नाही. खुर्ची रिकामी असली तरी तिनं आपला भार उचललाच पाहिजे, नाहीतर नाजूक वेळी मुद्दाम बाहेर जाऊन ब्लाइंड चुकवणारे निघतील.

पण एका सतरंजीवरच्या सहा जणांत ही रिकामी खुर्ची फार वेगळी वागते. एका हाताला दोन मिनिटं धरली तर सहा जणांची फेरी बारा मिनिटांत होते. एका फेरीत खुर्चीचे १५० जातात. दर दोन फेऱ्यांनी ब्लाइंड दुप्पट होतात असं धरलं तर पहिल्या टप्प्यात ३००, दुसऱ्यात ६००, तिसऱ्यात १,२०० गेले. सव्वा तास उलटला तरी खुर्चीपुढे १,९०० चिपा आहेतच. त्या संपायला साधारण दीड तास लागतो. तेवढ्या वेळात जिवंत, जागी, घाम गाळून खेळणारी चार-पाच माणसं बाद झालेली असू शकतात. उठलेल्याकडे ४,०००च्या जागी १२,००० चिपा असत्या आणि पाचच जण उरलेले असते, तर रिकामी खुर्ची तिसरी येऊन एक किलो जलेबीची मानकरी ठरणं अजिबात अशक्य नाही. ती जलेबी घ्यायची कुणी? मोटर चालू करायला गेलेल्यानं? की चौथा आलेला, डोळे लाल करून बसलेला भिडू म्हणेल की ती माझी?

दुसरी खोच बारीक आहे आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. रिकाम्या खुर्चीचा फायदा सर्वांना सारखा होत नाही. खुर्चीवर मोठा ब्लाइंड असतो तेव्हा तिच्या उजव्या हाताचा भिडू छोट्या ब्लाइंडवर असतो. बाकीच्यांनी पानं टाकली की त्याच्यासमोर लढायला कुणी उरतच नाही. हातात दुर्री-सत्ती असली तरी मोठ्या ब्लाइंडच्या चिपा त्याच्याच. त्याच्या उजवीकडच्यालाही, म्हणजे बटनवर (पानं वाटणाऱ्याच्या जागेवर) बसलेल्यालाही, एकाच माणसाला भ्यायचं असतं. खुर्चीच्या डावीकडे बसलेल्याच्या वाट्याला हे फार कमी येतं. त्यामुळे खुर्ची ठेवायचीच तर तासाभरानं किंवा दर मध्यंतराला जागांच्या चिठ्ठ्या पुन्हा काढाव्यात. पाच मिनिटं जातात, पण एकाच शेजाऱ्याला फुकटचं शेत मिळत नाही.

दुसरी सूचना येते ती भावाची किंवा मेहुण्याची. ‘मी बसतो ना त्याच्या जागी!’

बदली भिडूचा हा आग्रह महाभारताइतका जुना आहे. द्यूतसभेत दुर्योधनानं जाहीर केलं की पणाचं धन मी पुरवीन, फासे मात्र माझ्यासाठी शकुनीमामा टाकतील. युधिष्ठिरानं तिथंच हरकत घेतली होती: एकाच्या वतीनं दुसऱ्यानं खेळणं त्याला रीतीचं वाटलं नाही. हरकत नोंदवून तो खेळायला बसला, आणि पुढचं सर्वांना ठाऊक आहे. युधिष्ठिराच्या इतर निर्णयांबद्दल काहीही म्हणा, पण हा मुद्दा त्याचा बरोबर होता. बदली भिडू क्वचितच मूळ भिडूइतकाच चांगला किंवा वाईट असतो. तो सरस निघाला तर बाकीच्यांवर अन्याय, कच्चा निघाला तर त्याच्या चिपा ज्याच्या पदरात पडतील त्याची चंगळ.

बदली चालते ती आधी ठरवून दिली असेल तिथेच. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये टॅग टीम नावाचा प्रकार होता, त्यात संघातल्या एकानं उठायचं आणि दुसऱ्यानं त्याच चिपांवर बसायचं हाच खेळ होता. २०१७ साली निपुण जावा आणि आदित्य सुशांत या भारतीय जोडीनं ती स्पर्धा जिंकली आणि भारतीयांच्या हातात या मालिकेचं मानाचं ब्रेसलेट पहिल्यांदा आलं. डुप्लिकेट ब्रिजमध्येही बदली खेळाडू घेता येतो, पण त्याला स्पर्धेच्या संचालकाची परवानगी लागते. मेहुण्याच्या उत्साहावर ते चालत नाही.

क्रिकेटनं यात मधली वाट काढली आहे, आणि तिचं एक उत्तम उदाहरण आहे. फेब्रुवारी २०२४च्या राजकोट कसोटीत रविचंद्रन अश्विननं दुसऱ्या दिवशी आपला ५००वा बळी घेतला आणि त्याच रात्री घरातल्या तातडीच्या कारणासाठी तो सामना सोडून चेन्नईला गेला. तिसऱ्या दिवशी त्याच्या जागी देवदत्त पडिक्कल मैदानात उतरला, पण फक्त क्षेत्ररक्षणाला. बदली खेळाडूला गोलंदाजी करता येत नाही, म्हणून भारताला एक गोलंदाज कमी घेऊन खेळावं लागलं. चौथ्या दिवशी अश्विन परत आला. कारण रास्त असल्यामुळे त्याला गोलंदाजीसाठी ताटकळत ठेवलं गेलं नाही. भारतानं तो सामना ४३४ धावांनी जिंकला. जागा भरून काढू, पण कौशल्य उसनं देणार नाही, असा हा कायदा आहे. गच्चीवर त्याचा अर्थ एवढाच: गेलेल्याच्या वतीनं कुणी त्याचे ब्लाइंड पुढे सरकवावेत, पानं मात्र कुणी उचलू नयेत.

तिसरी सूचना दिसायला सर्वांत उदार असते: ‘त्याच्या चिपा सगळ्यांत सारख्या वाटून टाकू.’ ही सर्वांत वाईट. ४,००० चिपा पाच जणांत वाटल्या तर प्रत्येकाला ८०० मिळतात. ज्याच्याकडे ९,००० आहेत त्याला त्याचं काहीच नाही. ज्याच्याकडे २०० उरल्या होत्या आणि जो पुढच्या हाताला घरी जाणार होता, त्याच्याकडे एकदम १,००० झाल्या. त्यानं असं काय केलं की त्याच्या चिपा पाचपट व्हाव्यात? त्यातून दुसऱ्या सतरंजीवरच्या सहा जणांना यातलं काहीच मिळालं नाही, तेही कुरकुरणार. आणि उठणाऱ्यानं आपल्या चिपा स्वतःच एखाद्या दोस्ताकडे सरकवल्या, तर ती उघड उघड मिलीभगत. मोठ्या स्पर्धेत त्यासाठी दोघांना बाहेर काढतात.

उरला एक उपाय, जो फारसा कुणी सुचवत नाही कारण तो फार साधा वाटतो. चिपा उचलायच्या आणि डब्यात टाकायच्या. ६०,०००च्या ५६,००० झाल्या. प्रत्येकाचा एकूणातला वाटा त्याच्या त्याच्या प्रमाणात वाढला, म्हणून कुणा एकाला झुकतं माप नाही. रिकामी खुर्ची नाही, उजव्या हाताचा शेजारी नाही, तिसऱ्या क्रमांकाचं भूत नाही. बॉब सिआफोन यांनी संकलित केलेली पोकरची नियमावली जगभरच्या कार्डरूममध्ये वापरली जाते. सुरुवातीलाच न उगवलेल्या खेळाडूसाठी तीत अशीच तरतूद आहे: आधी त्याच्याशी संपर्क साधा; तो येतो म्हणाला तर चिपा राहू द्या; संपर्क झालाच नाही तर अर्धा तास उलटल्यावर किंवा ब्लाइंड वाढल्यावर, यांतलं जे आधी होईल त्यानंतर, चिपा उचलायला हरकत नाही. घरगुती खेळात हा नियम थोडा ताणून वापरायला काहीच अडचण नाही.

म्हणजे सुरुवातीच्या तासाभरात उठणाऱ्याच्या चिपा उचलाव्यात आणि त्यानं जलेबीचा विषय काढू नये. खरी अडचण येते ती शेवटी, तिघे-चौघे उरल्यावर. तिथपर्यंत पोचलेल्याला ‘तुझ्या चिपा डब्यात’ म्हणणं अन्यायाचं आहे. तीन तास खेळून त्यानं काहीतरी कमावलेलं असतं. काय कमावलं, हे मोजायचं कसं?

या प्रश्नानं युरोपातल्या गणितज्ञांना दीडशेहून जास्त वर्षं पिडलं. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली यांच्या ग्रंथात तो आला: चेंडूच्या एका खेळात ६० गुणांना बाजी आहे, एका बाजूचे ५० झाले आहेत, दुसरीचे २०, आणि खेळ मध्येच थांबवावा लागला, पणाची रक्कम कशी वाटायची? पाचोलींचं उत्तर होतं पाचास दोन. झालेल्या गुणांच्या प्रमाणात. तार्ताल्या यांनी १५५६ साली यातलं वर्म दाखवलं: गुणांचा पहिलाच फेरा एका बाजूला गेला आणि खेळ थांबला, तर या न्यायानं ती बाजू सगळं घेऊन जाईल. हे कुणाला पटेल?

उत्तर सापडलं १६५४ च्या उन्हाळ्यात, पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात. जुगाराचा शौकीन शव्हालिए द मेरे यानं पास्कलला हा प्रश्न घातला होता. पास्कलचं उदाहरण असं: दोघांनी प्रत्येकी ३२ पिस्तोल (सोन्याची नाणी) लावले, तीन डाव जो आधी जिंकेल त्याचे ६४. एकाचे दोन झाले, दुसऱ्याचा एक, आणि उठायची वेळ आली. पास्कल म्हणतो, पुढचा डाव खेळले असते तर काय झालं असतं ते बघा. पहिला जिंकला तर ६४ त्याचे. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२ तरी त्याचेच. तेव्हा ३२ त्याला आत्ताच द्या, आणि उरलेले ३२ अधांतरी आहेत ते निम्मे करा. पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. झालेलं किती यापेक्षा जिंकायला उरलंय किती, यावर त्यानं बोट ठेवलं. संभाव्यताशास्त्राचा जन्म या पत्रांतून झाला असं मानतात. विमा, हवामानाचे अंदाज, पाऊस पडल्यावर क्रिकेटचं लक्ष्य बदलणं, सगळ्यांच्या मुळाशी अर्ध्यावर उठलेले दोन जुगारी आहेत.

हे फार परकं वाटायला नको. २०१च्या पूल रमीत शेवटचे दोघे-तिघे डाव आटोपता घेतात तेव्हा वाटणी कुणाचे किती ड्रॉप शिल्लक आहेत त्यावर ठरवतात. पास्कल न वाचताही भिडूंना कळलेलं असतं की मागचं मोजण्यापेक्षा पुढे किती दम उरलाय ते मोजावं.

पोकरमध्ये याच विचाराचं जे रूप चालतं त्याला आयसीएम म्हणतात. संख्याशास्त्रज्ञ हार्विल यांनी १९७३ साली घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलेली रीत १९८७ मध्ये मेसन मालमुथ यांनी पोकरला लावली. तत्त्व असं की तुमच्याकडे एकूण चिपांचा जेवढा हिस्सा, तेवढी तुमची पहिलं येण्याची शक्यता. तुम्ही पहिले आला नाहीत तर उरलेल्यांत त्याच हिशेबानं दुसरं येण्याची, आणि असंच पुढे.

जलेबीवर लावून बघू. तिघे उरले आहेत: ३०,०००, २०,००० आणि १०,०००. बक्षिसं तीन, दोन आणि एक किलो. चिपांच्या प्रमाणात सहा किलो वाटले तर ३, २ आणि १ येतात. दिसायला चोख. पण बघा, पहिल्याला पहिलं बक्षीस पुरतंच्या पुरतं मिळालं, जणू तो जिंकलाच. आणि तिसऱ्याला तिसरं, जणू तो हरलाच. खेळ झालाच नाही आणि निकाल लागला! आयसीएमच्या हिशेबानं वाटे पडतात २ किलो ३५० ग्रॅम, साधारण २ किलो ६५ ग्रॅम आणि १ किलो ५८५ ग्रॅम. तिसऱ्याचा वाटा वाढला, कारण एक किलो तर त्याचं नक्कीच होतं आणि वर चढण्याची थोडी संधीही होती.

चिपांच्या प्रमाणातली गफलत याहून उघडी पडते ती ४०,०००, १०,००० आणि १०,००० अशी स्थिती असेल तेव्हा. प्रमाणानं पहिल्याच्या वाट्याला चार किलो येतात. पहिलं बक्षीसच तीन किलोचं आहे! सगळे हात जिंकूनही जेवढं मिळालं नसतं तेवढं त्याला उठून मिळतंय. आयसीएमनं त्याचे २ किलो ६०० आणि बाकी दोघांचे प्रत्येकी १ किलो ७००. हा हिशेब करून देणारी कॅल्क्युलेटर फोनवर फुकट मिळतात. तोंडी करायचा अट्टाहास नको.

मात्र एक अट आहे. हा हिशेब तिघांच्याही संमतीनं, तिघेही थांबत असतील तेव्हाच सरळ बसतो. एकालाच जायचं असेल आणि बाकीच्या दोघांना खेळायचं असेल, तर जाणाऱ्याला त्याच्या आकड्याची जलेबी बांधून द्यायची, त्याच्या चिपा उचलायच्या, आणि उरलेल्या जलेबीची दोन बक्षिसं करून डाव पुढे चालवायचा. मधल्या भिडूला म्हणजे २०,०००वाल्याला जायचं असेल तर तो साधारण २ किलो ६५ घेऊन जातो. उरतात ३ किलो ९३५. दोघांनी ठरवावं की जिंकणाऱ्याला अडीच आणि दुसऱ्याला उरलेले, किंवा आणखी काही. त्यांची जलेबी, त्यांची मर्जी.

या सगळ्याला एकच वेळ असते: पहिली पानं वाटण्याआधी. जेवताना, चिपा मोजताना यजमानानं विचारावं की आज कुणाला लवकर निघायचं आहे का. ज्याची लाईट रात्री दहाला येते त्याला ते सकाळपासून माहीत असतं. मग त्याला खेळायला घ्यावं की घेऊ नये, घेतलं तर कुठल्या वेळेपर्यंत चिपा उचलायच्या आणि कुठून पुढे वाटणी करायची, हे दोन वाक्यांत ठरतं. उठणारा कोण हे माहीत नसताना ठरवलेला नियम सर्वांना पटतो. तो कळल्यावर ठरवलेला नियम त्याच्या मित्रांना आणि वैऱ्यांना वेगवेगळा दिसतो. विशेषतः आघाडीवरचाच उठत असेल तेव्हा.

थोड्या वेळासाठी जाणाऱ्याचं सोपं आहे. मोटर जवळच्याच वावरात असेल आणि भिडू वीस मिनिटांत परतणार असेल तर खुर्ची राहू द्यावी, ब्लाइंड कापत जावेत आणि आल्यावर उरलेल्या चिपांवर त्यानं बसावं. गेलेले ब्लाइंड परत मागायचे नाहीत. तो नसताना त्याला आलेली पानं कुणी उघडून बघायची नाहीत. ‘अरे, याला एक्क्यांची जोडी आली होती’ हे सांगण्याचा मोह दांडगा असतो, आणि तो हात अजून चालू असेल तर त्या एका वाक्यानं बाकीच्यांना दोन एक्के कुठे गेले ते फुकट कळतं.

आणि सगळ्यांनाच एकदम उठावं लागलं तर? वळिवाचा पाऊस गच्चीवर येतो, कुणाच्या घरून वाईट बातमी येते. अनेक दिवस चालणाऱ्या स्पर्धांत रोज रात्री हेच करावं लागतं: प्रत्येक जण आपल्या चिपा मोजतो, पारदर्शक पिशवीत भरतो, वर नाव आणि आकडा लिहून सही करतो आणि पिशवी चिकटवून देतो. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी त्याच्यासमोर फोडतात. घरी पिशव्या नसल्या तर प्रत्येकाच्या ढिगाचा फोनवर फोटो, शेजारी कागदावर आकडा, आणि चालू ब्लाइंड किती व त्या टप्प्याची किती मिनिटं उरली होती याची एक ओळ. बटन कुणापुढे होतं तेही लिहावं, नाहीतर पुढच्या वेळी सुरुवातच त्या वादानं होते. जलेबीचं काय ते मात्र त्याच रात्री ठरवावं लागतं, ती दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी ठेवत नाही.